पाहुण्याशी कागद का करावा? घरगुती निवास आणि मुक्कामाचा करार

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात तो रोज उभा राहतो. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळे, आरे-वारे, गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, मुरूड-हर्णै, आंजर्ले, वेळास अशा गावांत आता कितीतरी घरे पर्यटकांना मुक्कामाला दिली जातात. कुणी दोन खोल्या वाढवल्या आहेत, कुणी माडीवर न्हाणीघर बांधले आहे, तर कुणाचे अख्खे घर मुंबईतून चालते आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. या सगळ्या व्यवहारात कागद मात्र बहुतेक ठिकाणी नसतो. फोन येतो, आगाऊ पैसे येतात, माणसे येतात, राहतात आणि जातात.

नव्वद वेळा सगळे सुरळीत होते. आज आम्ही बोलणार आहोत ते उरलेल्या दहा वेळांबद्दल.

मुळात आपला घोळ एका शब्दापासून सुरू होतो. तो शब्द म्हणजे पाहुणा. कोकणात दारी आलेल्याला आधी गूळपाणी विचारायचे, त्याच्यापुढे कागद सरकवायचा नाही, हे आपल्या अंगात मुरलेले आहे. ते चांगलेच आहे. पण ज्याच्याकडून आपण रात्रीचे दोन-अडीच हजार रुपये घेतो, तो कायद्याच्या नजरेत ग्राहक असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात भोजन आणि निवास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे काय, तर पैसे घेतल्या क्षणी करार झालेलाच असतो, कागद असो वा नसो. प्रश्न एवढाच उरतो की त्या कराराच्या अटी कोणत्या होत्या, हे उद्या कोण सांगणार आणि कशावरून सांगणार?

भाडेकरू, परवानाधारक की मुक्कामी?

आधी एक भीती दूर करू या. अनेक घरमालक म्हणतात, "कागद केला तर तो घरातच ठाण मांडायचा." खरं तर उलट आहे. धोका कागद नसल्याने किंवा चुकीचा कागद असल्याने वाढतो.

कायद्यात घर दुसऱ्याच्या हाती देण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला भाडेपट्टा, मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०५ मधला. त्यात जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. दुसरा परवाना, भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ मधला. त्यात हक्क जात नाही. एरवी जे करणे बेकायदा ठरले असते, ते करण्याची फक्त मुभा मिळते. आपल्या ओटीवर अनोळखी माणूस झोपला तर ती घुसखोरी. आपण हो म्हटले की तीच गोष्ट परवाना झाली.

मग कागदावर 'परवाना' एवढे लिहिले की झाले का? नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात हे स्पष्ट केले. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधल्या दोन खोल्या एका व्यावसायिकाला केशकर्तनाच्या धंद्यासाठी दिल्या होत्या. कागदात शब्द परवान्याचे होते, पण न्यायालयाने बहुमताने तो व्यवहार भाडेपट्ट्याचा मानला. धडा असा, की कागदाचे नाव काय आहे यापेक्षा त्यात नेमके काय दिले आहे, याला जास्त महत्त्व आहे. जागेचा ताबा पूर्णपणे दुसऱ्याकडे गेला का, हा त्यातला एक मोठा निकष.

आता आपल्या राज्याचा कायदा बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये 'जागा' या शब्दाच्या व्याख्येतून हॉटेल किंवा लॉजिंग हाऊसमधली खोली वगळली आहे. आपला व्यवहार या मुक्कामाच्या प्रकारात ठेवायचा असेल, तर तो वागण्यातही तसा दिसला पाहिजे. दर रात्रीच्या हिशेबाने घ्या. साफसफाई आणि चादरी बदलणे तुमच्याकडे ठेवा. चहा-न्याहारी द्या. एक किल्ली स्वतःकडे ठेवा. येण्याची आणि जाण्याची तारीख आणि वेळ लिहा. हे सगळे मिळून 'हा मुक्काम आहे, भाडे नव्हे' असे सांगतात.

पण समजा, महामार्गाच्या कामावरचा एखादा अभियंता म्हणाला, "मला तुमचं मागचं घर चार महिन्यांसाठी द्या, जेवण मी बघेन." इथे थांबा. हा पर्यटक नव्हे. इथे मुक्कामाचा कागद चालणार नाही. इथे 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुमती आणि परवान्याचा करारच लागेल. हा कायदा सगळ्या गावांना सरसकट लागू नाही, त्याची अनुसूची आहे, तेव्हा आपले गाव त्यात येते का हे आधी वकिलाकडून तपासून घ्या. जिथे तो लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाद झाल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. उलट कागद नीट असेल तर कलम २४ मालकाच्या बाजूने उभे राहते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तेव्हा कागदाने माणूस ठाण मांडत नाही, कागदाने तो निघतो.

अट कधी सांगितली, यावर सारे

आता दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाकडे वळू. इथे सगळ्यात जास्त चुकते ते वेळेचे. पाहुणा गाडीतून उतरतो, मुलं समुद्रावर जायला अधीर झालेली असतात, आणि आपण त्याच्यापुढे नियमांचा कागद ठेवतो. तो न वाचता सही करतो. उद्या वाद झाला तर या सहीला कितपत अर्थ आहे?

१९४९ साली इंग्लंडच्या न्यायालयात ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट हा खटला गाजला. एका जोडप्याने हॉटेलात पोहोचल्यावर पैसे भरले आणि मग खोलीत गेले. खोलीत पाटी होती की सांभाळण्यासाठी व्यवस्थापिकेकडे दिल्याशिवाय हरवलेल्या वस्तूंना हॉटेल जबाबदार नाही. पुढे बाईंचा फरचा कोट चोरीला गेला. न्यायालय म्हणाले, करार स्वागतकक्षातच पुरा झाला होता. नंतर खोलीत दिसलेली पाटी त्या कराराचा भाग होऊ शकत नाही. आपल्याकडे ठिकठिकाणी दाराच्या मागे चिकटवलेले नियमांचे कागद आठवा. त्यांची कायदेशीर किंमत बहुधा इतकीच असते.

म्हणून नियम एकच: अटी आधी, पैसे नंतर. आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी अटींचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि 'अटी वाचल्या, मान्य आहेत' असे उत्तर मागा. ते आले की मग क्यूआर कोड पाठवा. असा करार चालतो का, असे लोक विचारतात. चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ प्रमाणे करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. पुराव्यासाठी मात्र तो संदेश जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा मजकूर न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलला आणि संवाद पुसला गेला, तर प्रमाणपत्र कशाचे देणार?

एअरबीएनबीसारख्या मंचावरून पाहुणे येत असतील तर आणखी काळजी घ्या. तिथे करार बुकिंगच्या क्षणी होतो. तुमच्या जादा अटी, अनामत रक्कम, वेगळा करारनामा, जे काही असेल ते घराच्या माहितीतच लिहिलेले हवे. दारात आल्यावर "आता यावर सही करा, नाहीतर किल्ली नाही" म्हणाल, तर करार तुम्हीच मोडल्यासारखे होईल.

कागदात काय असावे?

एक पान पुरे. पाच पानांचा इंग्रजी नमुना इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. तो तुम्हालाही कळणार नाही आणि पाहुण्यालाही नाही. मराठीत लिहा, लागेल तर हिंदी आणि इंग्रजीत तोच मजकूर ठेवा. त्यात ही कलमे असावीत.

माणसे आणि तारखा. मोठे किती, लहान किती, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. सहा जणांचे सांगून अकरा आले तर काय, हे आधीच लिहा. मे महिन्यात विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते, तेव्हा पाच माणसे जास्त म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे.

पैसे. दर, आगाऊ किती, बाकी कधी, जेवणाचे वेगळे की त्यातच. उकडीचे मोदक हवे असतील तर किती आधी सांगायचे, मासे बाजारभावाप्रमाणे, हेसुद्धा लिहून टाका. भांडणे पुष्कळदा ताटावरूनच होतात.

ज्याची हमी नाही ते. वेळासला कासव महोत्सवाच्या काळात लोक लांबून येतात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम उभे केले, आणि त्यातूनच गावातल्या घरांत पर्यटक राहू लागले. पण पिल्ले आपल्या वेळापत्रकाने बाहेर येतात, पर्यटकांच्या नव्हे. 'पिल्ले दिसतील याची हमी नाही, न दिसल्यास पैसे परत मिळणार नाहीत' हे एक वाक्य आधी सांगितले की सकाळची नाराजी टळते. वीजपुरवठा, मोबाइलची रेंज, वातानुकूलन यांचेही तसेच. जे नाही ते नाही म्हणून लिहा.

वागण्याचे नियम. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरली जाते. तेव्हा अंगणात स्पीकर लावू नये, हा नियम तुमचा एकट्याचा नाही, सरकारचाही आहे. देवघर, माजघर, बागेतील फळे, पाळीव प्राणी, धूम्रपान यांबद्दल काय चालेल आणि काय नाही ते थोडक्यात लिहा. एक सीमा मात्र पाळा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) प्रमाणे हॉटेलात प्रवेश देताना धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करता येत नाही. पैसे घेऊन निवास देणाऱ्या घराने तोच दंडक मानावा. जात विचारणारा रकाना आपल्या अर्जात असता कामा नये.

अनामत आणि नुकसान

समजा, पाच हजार अनामत घेतली आणि तीनशे रुपयांची काच फुटली. 'नुकसान झाल्यास अनामत जप्त' असे लिहिले असेल तर पाचही हजार ठेवता येतील का? नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा असला, तरी वाजवी भरपाईच मिळते. तो आकडा ही फक्त कमाल मर्यादा. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठाम केले. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्यात अवाजवी अनामत मागणारा किंवा नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार 'अनुचित करार' मानला गेला आहे.

म्हणून 'जप्त' हा शब्द काढा. त्याऐवजी लिहा: 'मोडतोड झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च अनामतीतून वजा करून, पावतीसह हिशेब देऊन, उरलेली रक्कम तीन दिवसांत परत केली जाईल.' आणि पाहुणे येण्याआधी खोल्यांचे फोटो काढून त्यांना पाठवा. दोन मिनिटांचे काम आहे.

बुकिंग रद्द झाल्यास

३१ डिसेंबरचे बुकिंग पाहुण्याने दोन दिवस आधी रद्द केले, तर ती खोली रिकामी राहते आणि तुमचे नुकसान खरे असते. इथे टप्पे लिहावेत. उदाहरणार्थ, १५ दिवस आधी कळवले तर सगळे परत, सात दिवस आधी निम्मे, नंतर काही नाही. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण तुम्ही स्वतः रद्द केले तर काय, हेही तिथेच लिहा. नियम एकाच बाजूला झुकलेला असेल तर तो टिकत नाही.

आणि निसर्ग? इथे हा शब्द दोन अर्थांनी घ्यावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडात घरे, माड, पोफळी उन्मळून पडल्या. त्याआधी मार्चपासून टाळेबंदी होतीच. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी दोष कुणाचाच नसतो. करार कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पुरे करणे अशक्य झालेला करार रद्द होतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत द्यावा लागतो. पण 'अशक्य' कधी म्हणायचे यावर वाद होतात. नुसता पाऊस आहे म्हणून की घाट बंद आहे म्हणून? तेव्हा लिहून ठेवा: 'प्रशासनाने प्रवासबंदी केली किंवा मुख्य रस्ता बंद झाला, तर पूर्ण रक्कम परत किंवा सहा महिन्यांत दुसरी तारीख, पाहुण्याच्या पसंतीने.' हे वाक्य दोघांनाही वाचवते.

समुद्र, विहीर आणि जबाबदारी

आता सगळ्यात गंभीर भाग. आपल्या किनाऱ्यावर पर्यटक बुडण्याच्या घटना घडतात. गणपतीपुळे आणि आरे-वारे इथला समुद्र वरून शांत दिसला तरी फसवा आहे, हे स्थानिकांना ठाऊक असते. घाटावरून आलेल्या माणसाला नसते.

'कोणत्याही अपघातास मालक जबाबदार नाही' असे लिहून मोकळे होता येते का? येत नाही. २०१९ साली ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात गाडी चोरीला गेली होती आणि पार्किंगच्या पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला असे छापून झटकता येणार नाही. जे गाडीचे, ते माणसाच्या जिवाचे कितीतरी जास्त. विहिरीला कठडा नाही, जिन्याला कठडा नाही, गिझरची वायर उघडी आहे, तर कोणताही कागद तुम्हाला वाचवणार नाही. आधी कठडा बांधा, मग कलम लिहा.

समुद्र मात्र तुमच्या ताब्यात नाही. तिथे तुमचे काम सावध करण्याचे. 'ओहोटीच्या वेळी, अंधारात किंवा मद्यपान करून पाण्यात उतरू नये, जीवरक्षकांच्या सूचना पाळाव्यात' हे कागदावर असू द्या, आणि तोंडीही सांगा. भरती-ओहोटीच्या त्या दिवसाच्या वेळा पडवीतल्या फळ्यावर रोज लिहा. हे कलम वाद जिंकण्यासाठी नाही, माणसे सुखरूप परत येण्यासाठी आहे.

ओळखपत्र, पोलीस आणि घरातले हिस्सेदार

प्रत्येक पाहुण्याची नोंदवहीत नोंद ठेवा. ओळखपत्र बघा, पण आधारची पूर्ण प्रत मागण्याची गरज नाही. फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार घ्या. ती प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फिरवू नका. परदेशी पाहुणा असेल, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. अनेक वर्षे लोक याला 'सी फॉर्म' म्हणत आले आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला, तरी निवास देणाऱ्याची ही जबाबदारी कायम आहे. पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केली असेल, तर तो क्रमांक कागदाच्या डोक्यावर लिहा.

शेवटचा मुद्दा फक्त आपल्याकडचा. कागदावर घराच्या बाजूने सही कोण करणार? कोकणात घर सामाईक असते. सातबारावर आणि घरपत्रकावर पाच-सात नावे. एक भाऊ गावात, दोन मुंबईत, आत्या पुण्यात. गावातल्या भावाने पाहुणे ठेवले आणि मे महिन्यात पुण्याच्या आत्या न सांगता आल्या, तर पाहुण्याने कुठे जायचे? म्हणून आधी घरातला करार करा. सगळ्या हिस्सेदारांचे संमतीपत्र, उत्पन्नाची वाटणी, आणि गणपती-शिमग्याचे जे दिवस घर घरच्यांसाठी राखीव, ते सगळे लिहून. किल्ली सांभाळणाऱ्या माणसालाही दोन ओळींचे अधिकारपत्र द्या. पैसे कोण घेणार, पाहुण्याला नाही कोण म्हणू शकतो, हे त्यात असू दे.

आणि समजा सगळे करूनही पाहुणा वेळेवर निघाला नाही, तर वीज-पाणी तोडू नका, बॅगा अंगणात टाकू नका. कागद दाखवा, जादा रात्रीचा ठरलेला दर सांगा, लेखी संदेश पाठवा, आणि गरज पडली तर पोलीस ठाण्याला कळवा. अशा वेळी शांत राहायला जमते ते हातात कागद असेल तरच.

एक काम घरी जाऊन करा. तुमच्या अटी एका पानावर उतरवा आणि घरातल्या ज्येष्ठ माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ते अडखळतील, ते वाक्य सोपे करा. जे वाक्य त्यांना पाहुण्याला तोंडावर सांगायला संकोच वाटेल, ते खोडा किंवा नरम करा. उरेल तो तुमचा करार. पुढच्या फोनला आधी तोच पाठवा, मग दर सांगा.